पणजोबांचं सोन्याचं घड्याळ

फोटो स्टुडिओत शिंपीणबाई पणजोबांची तसबीर पिशवीत घेऊन रांगेत उभ्या होत्या. पुढे एक आत्या आणि तिची भाची, तसलीच जुनी तसबीर घेऊन.

"आत्या, वंशावळीत घालायचंय, नीट बघ. हे माझे पणजोबाच ना?"

"तेच गं, माझे आजोबा! दर शब्बाथला सिनेगॉगमध्ये पहिल्या बाकावर. आणि हे त्यांचं सोन्याचं घड्याळ. धाकट्या काकांनी ढापलं मेल्यांनी!"

"म्हणून त्यांच्याकडचं कुणी वंशावळीत नको?"

"नावसुद्धा काढू नकोस! दिसले तर मी रस्ता बदलते."

शिंपीणबाईंनी पिशवी छातीशी धरली.

स्टुडिओवाले वाकून बघत म्हणाले, "अहो, घड्याळ आमचं आहे! पूर्वी फोटोपुरतं सगळ्यांना लावायचे. ते काय कपाटात. कोटही आमचाच."

"कोटसुद्धा? अगं बाई! मग ह्यात आमचं काय आहे?"

"कान, आत्या! सुपाएवढे!"

दोघी हसून हसून बाकावर कोसळल्या. शिंपीणबाईंनी डोक्याचा रुमाल कानांमागे सारला आणि तसबीर बाहेर काढली.

"आमच्या घरी म्हणतात, घड्याळ तुम्ही ढापलंत."