अंजनाबाईचा मोरपंखी जळफळाट

...अन् खुर्ची कोणाले देल्ली, माहीत आहे? चोरणारीले. पकडणारी उभी, भाजीची पिशवी धरून, अन् चोरणारी पंख्याखाली खुर्चीवर, हातात शरबताचा गिलास, वरून 'थोडं जास्त गोड झालंय' म्हणून राहिली... आता तुम्हीच सांगा, जळन का नाही बाई?

नाही, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणसान हे मधातूनच काय सुरू झाली. तं आमच्या शेजारी अंजनाबाई राहते. तिचे मालक चंपतराव. छापखान्यात अक्षराचे खिळे जुळवते, बोटं बारा महिने काळे, अन् बोलणं म्हणाल तं जेवताना 'मीठ' म्हणलं का समजाचं आज बम बोलले. माणूस वाईट नाही हो, दारू नाही, पत्ते नाही, पण बायकोनं नवीन पातळ नेसलं का जुनं, अंबाडा घातला का वेणी, त्याले काहीच दिसत नाही. एकडाव अंजनाबाई माहेरी राहून वापस आली, पेटी दारात ठेवली, तं चंपतराव पेपरातून मान वर करून म्हणे, 'काहून, कुठी गेली होती काय?'

अशी ही अंजनाबाई पोळा झाल्यापासून सदर बाजारात भैय्याजीच्या कापडाच्या दुकानात एक ब्लाउजपीस पाहून राहिली होती. मोरपंखी रंगाचा. अंगावर घेतला का गव्हाळ बाईसुद्धा उजळ दिसन असा. भाजी घेऊन वापस येताना दुकानात शिरायचं, पीस काढायले लावायचा, दंडावर धरून आरशात पाहायचं, 'दिवाळीले घेऊ' म्हणायचं अन् ठेवून द्यायचा. देवाजी म्हणून जो माणूस कापड दाखवायले आहे ना तिथं, तो तं हिले पाहताच न विचारता पीस काढे, तोंड असं करून जसं एरंडेल पेलं. पण भैय्याजीनं कधी 'बसा' म्हणलं असन तर शपथ. इतके वर्षं पेटीकोटापासून बोळवणीच्या साड्यापर्यंत सारं त्याच्याचकडून, पण साधं स्टूल कधी सरकवलं नाही.

त्या दिवशी अंजनाबाई गेली, तं काउंटरवर अगोदरच एक बाई. पुष्पलताबाई. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतली, कोण्या मोठ्या इंजिनीअर साहेबाची बायको. जीपनं येते. फुगवलेला अंबाडा, बिनबाह्याचं ब्लाउज, काळा चष्मा डोक्यावर, अन् सुगंध असा का रस्त्यावरचा सायकलवाला मान वळवून जाय. भैय्याजी, जो आमच्यासाठी गल्ल्यावरून उठत नाही, तो स्वतः उठून, 'आइये बाईसाहेब, बहुत दिन बाद', अन् धोतराच्या सोग्यानं खुर्ची पुसून राहिला. आता सांगा, जळन का नाही?

तं अंजनाबाई आपली कोपऱ्यात उभी, कोणी विचारत नाही, अन् देवाजी वरच्या फळीवरून कापडाचं थान काढायले वळला... अन् तेवढ्यात पुष्पलताबाईचा हात आला, मोरपंखी पीस उचलला, अन् गेला पर्समध्ये. पर्सच्या चिमट्याचा टिक असा आवाज. अन् तोंडावर काही नाही हो. त्याच वेळी देवाजीले म्हणत होती, 'हा जरा फिका वाटतो, नाही?'

आता खरं सांगू? अंजनाबाईले चोरीचा राग नाही आला. दुकान भैय्याजीचं, नुकसान भैय्याजीचं, तिचं काय जाते? तिले राग आला का तो पीस तिचा होता. नव्हता घेतला, पण तिचा होता. ती पोळ्यापासून हात लावून लावून ठेवून देऊन राहिली, अन् ह्या बाईनं असा उचलला जसा आपल्या कपाटातून काढला. विचार नाही, दिवाळी नाही, नवऱ्याले विचारणं नाही. उचलला. अंजनाबाई मले म्हणे, 'वहिनी, मले तिचा नाही, तिच्या हाताचा हेवा वाटला.'

झालं. पुढं झाली अन् मनगटच धरलं. 'बाई, पर्स उघडा.'

देवाजीच्या हातातलं थान सुटलं अन् उलगडत उलगडत दारापर्यंत गेलं. पुष्पलताबाईचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. भैय्याजी आला. 'काय झालं?'

'इनं मोरपंखी पीस घेतला. पर्समध्ये टाकला. माह्या डोळ्यानं पाह्यलं.'

भैय्याजीनं पर्सकडं पाह्यलं, मंग पुष्पलताबाईकडं, मंग अंजनाबाईकडं, अन् हसला. 'अवो, तो तं मीच देल्ला. घरी साडीसोबत रंग जुळवून पाहायले. बसा बाईसाहेब, बसा. देवाजी, शरबत सांग.'

अन् त्या देवाजीले काय सुचावं? शरबत सांगायच्या आधी म्हणे, 'बाई, तुमच्या पिशवीत काय आहे ते दाखवा बरं.' घ्या. पाचपन्नास डोळे हिच्याकडं. काढली बिचारीनं पिशवीतून मेथीची जुडी, वांगे, सांभार म्हणजे कोथिंबीर, सारं काउंटरवर. मेथीची माती तिथल्या पांढऱ्या लठ्ठ्याच्या कापडावर सांडली, तं देवाजी वरून चिडला. अन् मंग तिले 'चुकलं माहं' म्हणावं लागलं. कोणाले? पुष्पलताबाईले. अन् पुष्पलताबाई शरबताचा घोट घेऊन, शुद्ध भाषेत, 'असू द्या हो, होतं असं कधी कधी.' म्हणजे चोरणारीनं पकडणारीले माफ केलं. शरबत पीत. जळन का नाही बाई?

जीप गेली. पण अंजनाबाई नाही गेली. सांभार पिशवीत भरून गल्ल्यापाशी आली अन् म्हणे, 'भैय्याजी, तुमच्या पोराबाळाची शपथ घेऊन सांगा, देल्ला होता तुम्ही?'

भैय्याजीनं इकडंतिकडं पाह्यलं अन् तिले मागं नेलं, जिथं गाठोडे रचून ठेवते तिथं. 'अंजनाबाई, तुम्ही बराबर पाह्यलं. ते बाई उचलते. रुमाल उचलते, लेस उचलते, एकडाव तं लहान पोराचं टोपडं उचललं, घरात लहान पोरगं नाही. पण मी बोलत नाही, काहून का दुसऱ्या दिवशी तिचे साहेब येते अन् वस्तू गुपचूप जागेवर ठेवून जाते. त्याइले वाटते मले माहीत नाही. बाईले वाटते साहेबाले माहीत नाही. आता तुम्हीच सांगा, मी काय बोलू? माल तं वापस येते.'

अंजनाबाईचा विश्वास बसन काय? ती म्हणे, 'खोटं.' भैय्याजी म्हणे, 'उद्या दुपारी या.'

तं दुसऱ्या दिवशी दुपारी ही हजर, पेटीकोटाच्या गठ्ठ्यामागं. अन् आले साहेब. तिले वाटलं होतं कोणी सिनेमातला रुबाबदार गडी असन. तं टक्कल, जाड भिंगाचा चष्मा, पोट थोडं पुढं. भैय्याजीले म्हणे, 'बनियन दाखवा.' भैय्याजी गेला बनियन काढायले अन् जाता जाता अंजनाबाईच्या कानात, 'दरवेळी बनियनच घेते. घरी दुकान निघन एक दिवस.' देवाजीले तं शिकवूनच ठेवलं होतं, साहेब आले का भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. तो राहिला भिंतीवरचं कॅलेंडर वाचत, जसा परीक्षेले बसला.

साहेबानं शर्टाच्या आतून पीस काढला. अन् काय सांगू, इस्त्री केलेला. जशी दुकानातली घडी असते तशीच घडी घालून. अन् ठेवला... गुलाबीच्या गठ्ठ्यावर.

आता अंजनाबाईले राहावते काय? पोळ्यापासून त्या पिसाची जागा पाठ. गठ्ठ्यामागून निघाली अन् म्हणे, 'साहेब, तिथं नाही. मोरपंखी निळ्यात राहते.'

साहेब असे पांढरे पडले, अगदी बायकोसारखेच. टकलावर घाम आला. हात तसाच पिसावर. अंजनाबाई घरून ठरवून आली होती का चांगलं खडसावायचं, माही पिशवी रिकामी करायले लावली, सारं सारं बोलायचं. पण तो माणूस हळूच म्हणाला, 'बाई, कृपा करून कुणाला सांगू नका. ती का करते ते तिलाही कळत नाही. विचारलं तर ती मोडून जाईल. म्हणून मी विचारत नाही. घरात लक्ष ठेवतो. कपाट, ड्रॉवर, उशीखाली... घरात एक सुई नवी आली तरी मला दिसते.'

सुई. अंजनाबाई म्हणे, 'वहिनी, माह्या काळजात तीच सुई घुसली.' इकडं चंपतरावच्या समोरून हत्ती गेला तं म्हणन, 'दार लोटून घे, वारा येऊन राहिला.' अन् हा माणूस, एवढा मोठा साहेब, बायको झोपली का उशीखाली पाहाते, चोरलेल्या पिसाले इस्त्री करते, नको असलेले बनियन घेते, अन् तिले पत्ता लागू देत नाही. चोर बाईच्या नशिबी असा नवरा, अन् जिनं जन्मात काडी नाही उचलली तिच्या नशिबी... जाऊ द्या. जळन का नाही हो बाई? सांगा ना.

पण तिनं साहेबाच्या हातातून पीस घेतला अन् निळ्यात बराबर जागेवर ठेवला. म्हणे, 'मी कोणाले सांगत नाही.' अन् नाही सांगतलं तिनं कोणाले. मले सांगतलं, पण मी काय कोणी आहे काय?

साहेब गेले, अन् तिनं तोच पीस विकत घेतला. दिवाळीची वाट नाही पाह्यली. घरी येऊन खाटेवर मधोमध पसरून ठेवला, जिथं चंपतराव रोज बसते. चंपतराव आले, पीस बाजूले सरकवला, बसले. चहा पेला. पेपर वाचला. पिसावरच चष्मा ठेवला, चष्मा उचलला. काही नाही. जेवायले बसले. हिनं वाढता वाढता तो पीस खांद्यावर टाकला. काही नाही. 'मीठ' म्हणे.

मंग मात्र तिचा तोल गेला. ताटापुढं बसली, पीस समोर धरला अन् म्हणे, 'हे पाहा. हा मी आज भैय्याजीच्या दुकानातून चोरून आणला.'

चंपतरावचा घास हातात राहिला. त्यानं बायकोकडं पाह्यलं. खरंच पाह्यलं, लग्नाच्या पाटावर पाह्यलं असन त्याच्यानंतर पहिल्यांदा. हिले वाटलं, का आता हा रागावन, का हात धरून दुकानात नेईन, का गुपचूप उठून सकाळी वापस ठेवून येईन... त्यानं हात धुतला, पुसला, पीस घेतला, उजेडाकडं धरला, बोटानं चाचपला. बराच वेळ चाचपला.

'पातळ आहे,' म्हणे. 'संग अस्तर काहून नाही आणलं?'

आता काय करते बाई? सकाळी गेली अन् अस्तर घेऊन आली. विकत.