भांडं कोण भरते?

रतिलाल : नही, आधी मले ते भांडं दाखवा. मगच मी वार्डात जातो.

डिंपल : आबा, सकाळपासून तेच धरून बसलाय. पोरांना शाळेत सोडून पिंप्राळ्याहून धावत आले मी, ते हे ऐकायला?

कोकिळा : असू द्या ताई. काका, तीन आठवड्यांपूर्वी तुमचं रक्त मशीनमधून फिरवून त्यातल्या मूळपेशी आम्ही काढून घेतल्या ना, त्याच पिशव्या आत आहेत. नायट्रोजनच्या टाकीत, उणे दीडशे अंशाच्याही खाली. टाकी अशी उघडून दाखवता येत नाही.

रतिलाल : उद्या तुम्ही ते जबर औषध सोडसान. कॅन्सर मरंल, पण हाडात रक्त बननंबी बंद पडंल. बरोबर?

कोकिळा : बरोबर. म्हणून तर परवा त्याच पेशी परत चढवायच्या.

रतिलाल : आन् त्या मेलेल्या निघाल्या तं? मंग माघारी फिरता येते का?

कोकिळा : नाही येत.

डिंपल : मॅडम, असं तोंडावर काय सांगता त्यांना?

रतिलाल : सांगू दे. रावेरात चाळीस वरसं केळीत गेले माहे. गाडी तेरा अंशाच्या खाली गेली का माल काळा पडते.

कोकिळा : गोठताना फुटू नयेत म्हणून पेशींत आम्ही आधी एक द्रव मिसळतो. मग मिनिटाला एक अंश, असं सावकाश गोठवतो.

डिंपल : झालं समाधान? उठा आता.

रतिलाल : केळीचं सोड. केळ काळं पडलं तं दिसते तरी. मले त्या कांड्यांचं भ्या आहे.

डिंपल : कसल्या कांड्या?

रतिलाल : रेड्याच्या वीर्याच्या, म्हशी भरवायच्या. गावच्या डेअरीत नायट्रोजनचं भांडं माह्या ताब्यात व्हतं. तुह्या आत्याच्या लग्नाच्या गडबडीत भरायचं राहून गेलं. उघडलं तं कोरडं ठाक. मी गपचिप नायट्रोजन आणून ओतला न् झाकण लावलं. कांड्या दिसायले जशाच्या तशा. डॉक्टर वरीसभर भरवत राहिला, गावात एक म्हैस गाभण राहिली नही.

डिंपल : आणि तुम्ही कोणाला बोलला नाहीत?

रतिलाल : कोन्हालेच नही. तुह्या आईलेसुद्धा. म्हणून पुसतो, मॅडम. इथलं भांडं कोण भरते?

कोकिळा : मी. रविवारी सुनंदाबाई.

रतिलाल : चुकलं तं सांगता का?

कोकिळा : जानेवारीत टाकीतली पातळी खाली गेली होती. माझ्याच हातून. पाचोऱ्याच्या एका बाईंच्या पिशव्या होत्या. मी तसं लिहून दिलं, त्यांच्या समोर जाऊन सांगितलं. त्यांचा मुलगा मला नको नको ते बोलला. त्यांना ते जबर औषध अजून दिलेलं नव्हतं म्हणून निभावलं, पेशी पुन्हा काढता आल्या. आता टाकीला अलार्म आहे. आणि तुमच्या पिशव्यांबरोबर एक छोटी कुपी गोठवली होती, ती काल वितळवून तपासली. शंभरातल्या ऐंशी पेशी जिवंत आहेत.



डिंपल : आबा, जायचं ना?

रतिलाल : जाऊ. आधी तोतारामले फोन लाव.

डिंपल : तोतारामकाकांना? आत्ता कशाला?

रतिलाल : त्या वरसी त्यानं म्हैस वांझ म्हणून बाजारात इकली. घरीच वाढवलेली व्हती, त्याची बायको मंजुळाबाई दोन दिवस जेवली नही. म्हैस चांगली व्हती, एवढं सांगतो न् येतो.