दोघांनी केलेली एकच दुरुस्ती

खोटं सांगितलंत, महाराज! तुमचं नाव घेत नाही, पण घ्यायला भीतही नाही. याच मांडवात तुम्ही म्हणालात, दोन कण एकदा जुळले की एकाला हलवलं तरी दुसऱ्याला निरोप पोचतो. तशीच माझी कृपा तुम्हाला घरबसल्या पोचते, विज्ञानानंच सिद्ध केलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारतो, दूरच्याशी आपलं जुळलंय हे एकट्याला घरात बसून कळतं का?

ऐका, मंडळी.

शर्वाणी गावित, नवापूरकडची पोरगी, प्रयोगशाळेत संशोधन करते. प्रकाशाच्या जुळ्या कणांतला एक तिच्या यंत्रात येतो, दुसरा केबलीतून घाटापलीकडं तिचा सहकारी झाकिर मुल्ला याच्या यंत्रात जातो. यंत्र विचारतं, कण हो म्हणतो नाहीतर नाही. एकट्या शर्वाणीच्या नोंदी बघा — हो, नाही, नाही, हो — नुसता गोंधळ, आपल्या सरपंचांच्या आश्वासनांसारखा! (हसू नका, ते बसलेत पुढं.) झाकिरकडंही तेच. पण दोघांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की जुळतात!

कण आधीच ठरवून आले म्हणावं, तर ठरवून इतकं जुळत नाही. निरोप धाडतात म्हणावं, तर शर्वाणीनं इथं काहीही केलं तरी झाकिरला तिथं एक अक्षर पोचत नाही. मग हे आहे काय? विद्वान अजून भांडतायत. माणसं प्रामाणिक आहेत, कळलं नाही तर कळलं नाही म्हणतात.

तर काय झालं, नवी केबल टाकली आणि जुळणंच बंद! मोठे साहेब म्हणाले, "गावित, संध्याकाळी यंत्र दुसऱ्यांना देतोय." म्हणजे प्रबंध गेला, इतक्या वर्षांची मेहनत गेली.

तिनं फोन लावला. "दादा, तुझंच यंत्र बिघडलंय."

"आणि तुझं काय देवानं बसवलंय?"

झालं! पोरगी तडक घाट ओलांडून भांडायला गेली. झाकिरनं पुढ्यात चहा ठेवला. म्हणाला, "नोंदींच्या जोड्या लावताना वेळ कशी जुळवतेस, ते आधी दाखव."

"तुझा कण नव्या केबलीतून उशिरा पोचतो ना, तेवढा फरक मीच तुझ्या वेळेतून वजा करते. तुझी आई दवाखान्यात. म्हटलं, तुझ्यामागं आणखी काम कशाला?"

झाकिरनं कपाळाला हात लावला.

"काय झालं?"

"अगं, तो मीपण वजा करतोय. तुझा प्रबंध तोंडावर आलाय. म्हटलं, तुला त्रास नको."

दोनदा वजा केलेला फरक म्हणजे उलट बाजूनं तेवढाच फरक! जोड्याच चुकल्या, इथला एक, तिथला भलताच. झाकिरनं आपली दुरुस्ती काढून टाकली. पडद्यावर नोंदी जुळत गेल्या. शर्वाणीनं साहेबांना कळवलं, यंत्र राहिलं.

"दादा, आभार मानू का शिव्या घालू?"

"आधी चहा पी. गार झाला."

मंडळी, आपण आपल्याच नोंदी बघतो आणि म्हणतो, माझ्या आयुष्यात नुसता गोंधळ. पलीकडं कुणीतरी न सांगता आपला भार उचलत असतं. ते घरबसल्या कळत नाही, उठून जावं लागतं. महाराज, तुम्हालाही विचारतोय, आणि पुढं बसलेल्यांनाही: तुमच्यासाठी मुकाट्यानं राबलेल्या माणसाच्या दारात आभार मानायला शेवटचं कधी गेला होतात? माना खाली घालू नका. उत्तर द्या.