अठ्ठेचाळीस चेंडू

नाही हो, आवाज चढवून आकडा बदलत नसतो— बसा आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय गेलाय, या चेंडूंच्या खोक्यावर बसा. खोली रोलर ठेवायला बांधली होती, रोलर आत जाईना म्हणून मला दिली. हं, तर तुमचं म्हणणं असं, की काल निवड समितीसमोर तुमची मुलगी रंगात आली होती, लागोपाठ दोघींच्या दांड्या गुल केल्या होत्या, आणि नेमका तेव्हाच मी हात वर करून तिला थांबवलं. बरोबर? आणि आता मी वर जाऊन सांगावं, की मोजण्यात घोळ झाला, तिचं एक षटक बाकी आहे— म्हणजे दुपारी यादी लागायच्या आत ते तिला पुन्हा बघतील. परदेश दौऱ्यासाठी वेगवान गोलंदाजाची एकच जागा उरलीय, हे मलाही ठाऊक आहे. सकाळपासून ते ऐकून कान किटले माझे. तुम्ही तिसरे बाप.

अहो, मी प्रशिक्षक नाही, डॉक्टर नाही. मी मोजतो. हे अंगठ्यानं दाबायचं यंत्र, ही वही, आणि बारा वर्षं तेच— चेंडू सुटला की टिक. पोरी मला मोजणीकाका म्हणतात, मागून आणखी काहीतरी म्हणत असतील. अठरा वर्षांखालची वेगवान गोलंदाज असेल तर दोन दिवसांच्या चाचणीत मिळून अठ्ठेचाळीस चेंडू, त्यावर एकही नाही. का? कारण हाडं अजून कच्ची असतात, आणि धावत येऊन पुढचा पाय आपटला की सगळा भार कमरेच्या मणक्यावर. नोबॉलसुद्धा मोजायचा. नवे मोजणारे तिथंच चुकतात— स्कोअर लिहायची सवय, नोबॉल षटकात धरत नाहीत. षटकात नसतील धरत, मणका धरतो ना.

मला काय तुमच्या मुलीचं वाकडं करायचंय का? चांगली टाकते ती. मनगट बघितलंत तिचं? आमची बांबू सोडली तर असं मनगट मी— बांबू म्हणजे माझी भाची. ताईची मुलगी. बाराव्या वर्षी दाराच्या चौकटीला डोकं लागायला लागलं, तेव्हापासून घरात बांबूच. तिला इथं मीच आणली. ताई नको म्हणत होती, भावजी तर महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी, मी म्हटलं, मी आहे ना तिथं.

तिच्या चाचणीला समितीचे मुख्य उशिरा आले. जेवण लांबलं त्यांचं, दुसरं काही नाही. तोवर तिचे अठ्ठेचाळीस झाले होते. ती माझ्याकडे बघायला लागली— नुसतं बघणं हो. आणि मी यंत्र खिशात टाकलं. बस्स, एवढंच केलं. चार षटकं टाकली तिनं त्यानंतर, चोवीस चेंडू, आणि काय टाकले सांगू तुम्हाला— यष्टिरक्षक दोन पावलं मागे सरकली. झाली निवड. विमानतळावर ताईनं माझे हात धरले. तिथं पहिल्याच सामन्यात, दुसऱ्या षटकात, पोर खेळपट्टीवर खाली बसली ती उठलीच नाही. मणक्याला चीर. सात महिने पट्टा, मग पुन्हा खेळली, पुन्हा चीर. आता चष्म्याच्या दुकानात असते. तासाभराच्या वर उभं राहवत नाही म्हणून मालकानं उंच स्टूल दिलंय.

ताई म्हणते, नशीब. तिला माहीतच नाही. रविवारी जातो मी, अजून आग्रह करून वाढते मला, आणि बांबू समोर बसलेली असते, तिला सगळं माहीत आहे, पण पोरीनं तोंडाला कुलूप घातलंय. मला लाज वाटते हो. हे तुम्हाला का सांगतोय कुणास ठाऊक, घरी बायकोलाही बोललो नाही.

म्हणून म्हणतो, माझ्यावर राग धरू नका. काल तुमची मुलगी बेचाळिसावा टाकून परत निघाली ना, तेव्हा चालता चालता तिचा डावा हात कमरेवर गेला. असा, जरासाच. पॅंट वर ओढली असेल, घाम पुसला असेल, मला काय कळतंय. पण बांबूचाही अगदी अस्साच जायचा. माझा हात आपोआप वर—

काय? असे काय बघताय?

हो. बेचाळिसावा म्हणालो मी.

वहीत अठ्ठेचाळीस आहेत. यंत्रावरही अठ्ठेचाळीस— नंतर जिन्यावरून उतरताना सहादा दाबलं. आणि तुमच्याच मुलीचं नाही, तीन वर्षं झाली, सगळ्यांनाच अलीकडे थांबवतो मी. कुणाला चार चेंडू, कुणाला सहा. दुसरं कुणी मोजत नाही, कोण पकडणार? किती जणींच्या कमरा वाचल्या आणि किती जणींचे दौरे हुकले, देव जाणे. मला झोप लागते, एवढं खरं. आजवर लागत होती.

बरं, उठा. वर जा, उजवीकडची दुसरी खोली. सांगा, मोजणाऱ्यानं कबूल केलंय, मुलीचे सहा चेंडू राहिलेत. माझ्याकडून खोटं वदवायला आला होतात, आता खरंच सांगा. मी येतो मागून, सही लागेल माझी, आणि पुढचं काय ते होईल, दमलो मी आता— नाही, तिची कंबर कशी आहे ते मला नका विचारू. तिला विचारा. बाहेर कठड्यावर बूट घालून बसलीय. खरं सांगते का ती तुम्हाला?

का थांबलात? जायचं तर जा. दारात उभे राहू नका, उजेड अडतोय. यादी लागायला अर्धा तास उरलाय.