पत्रा चांगला हाय

...आन् वरून मला म्हन्तो, पत्रा चांगला हाय! आवो, पत्रा पिऊ का मी? तुमाला सांगतो, मी सटवा, तेलगावाकडचा, पाच शेरडं, एक म्हातारी म्हैस आन् घरावर धा पत्रे, येवढाच माझा कारभार. आन् ह्या धा पत्र्यांनी सगळ्या गावाचा घसा कोरडा केला बघा!

टाकी कावून आली, ते ऐका आधी. योजना आली... पत्र्यावरचं पावसाचं पानी पायपानं टाकीत, घरच्या घरी, बायकांची तकलीफ खलास! लई झकास. गावात धा घरांला टाक्या दिल्या, पाच-पाच हजार लिटरच्या. फकस्त त्यो पायप जो हाय ना, त्यो टाकीच्या हातभर अलीकडंच संपला. म्या मिस्त्र्याला इच्यारलं, तर म्हन्तो, "मामा, मंजूर येवढाच हाय." म्हंजे पावसानं टाकीपशी यायचं, बाहीर उभं ऱ्हायाचं आन् नालीनं निघून जायाचं! मग आमच्या मालकिनीनं, चतुराबाईनं, टाकी आडवी पाडून तिच्यात खुडूक कोंबडी बसवली. बारा पिल्लं निघाली. योजनेतून तेवढंच निघालं.

तर ह्या एप्रिलात बोंब उठली, बीडहून सायेब येनार, टाक्या तपासनार, पावसाचं पानी घराला पुरतंय का बघनार. आमचे सरपंच विजयसिंह आले पळत. "सटवा, गावाच्या इज्जतीचा सवाल हाय! टाक्या कोरड्या दिसल्या तर पुन्हा कोन योजना देनार न्हाई. गावाला पिन्याच्या पान्याचा टँकर येतो, त्यातला दोन दिसाचा टाक्यात वतू, कुनी बोलायचं न्हाई."

आता तुमी म्हन्साल, तू न्हाई म्हनायचं व्हतंस बे! कसा म्हनू? माझी लेक उज्ज्वला आलती, पहिलटकरीन, आठवा म्हैना. पहिलं बाळंतपन माहेरी असतंय, हे काय सांगाया पायजे? बाळंतिनीला पानी, लेकराला पानी, बाळुत्यांला पानी... म्या मनात म्हन्लं, पाच हजार लिटर! वता! काढली कोंबडी, धुतली टाकी, उभी केली, आन् पायपाला टायरच्या ट्यूबचा तुकडा बांधला सुतळीनं.

सायेब आले. काळा चष्मा, हातात टेप. आधी वर बघितलं, "पत्रा चांगला आहे." मापं घेतली, "पत्रा फारच चांगला आहे." मग नळ सोडला, अशी मनगटायेवढी धार! "मामा, हे पावसाचंच ना?" एप्रिलात, सा म्हैने आभाळात कापूसभर ढग न्हाई! म्या म्हन्लं, "तर! निवळ पावसाचं!" दोन गिलास पेले, वर तोंड बी धुतलं. मग इच्यारलं, "किती दिवस पुरतं?"

हितं घोळ झाला. आवो, पाव्हना दारात उभा, आन् आमी सांगावं का आमच्या घरात कमी पडतंय म्हनून? पिठाचा डबा रिकामा असला तरी पाव्हन्याला जेवूनच जा म्हन्नारी मानसं आमी! छाती काढून म्हन्लं, "सायेब, पुढच्या पावसापर्यंत. उलट उरतंय!" चतुराबाईनं मागून असा चिमटा घेतला... पन तवर सही झालती.

आठव्या दिशी टँकर बंद.

गेलतो तालुक्याला. "सायेब, टँकर कावून बंद?" तिथल्या बाबूनं फायल फिरवली. "सही कोनाची?" माझी. "उलट उरतंय, हे कोन म्हन्लं?" म्याच. "मग?" म्हन्लं, सायेब, ते टँकरचंच पानी व्हतं. "अच्छा! गावाच्या पिन्याचं पानी घरात भरलं? लिहून देता?" काय लिहून देऊ? वर म्हन्तो कसा, "कशाला काळजी करता मामा, अहवालात लिहिलंय, पत्रा चांगला हाय!"

घरी आलो तं दारात घागरींची रांग. म्होरं शेजारची वत्सलाबाई, कंबरंवर हात. "सटवा, तुझ्या जिभेपायी आमचा टँकर गेला. आता तूच भर!" न्हाई कोन्त्या तोंडानं म्हनू? भरल्या. सगळ्यांच्या भरल्या. चौथ्या दिशी टाकी ठनठनीत कोरडी, आन् चतुराबाई निघाली फाट्यावरच्या हिरीवर, खाली उतरून वाटी-वाटीनं भरायला. एक दिस तिच्या मागं उज्ज्वला बी गेली, मला न सांगता. वाटंत भवळ येऊन खालीच बसली. लोकांनी धरून आनली. तिचा पांढरा चेहरा बघितला आन्... मला तिच्यापुढंच रडू आलं. वर बघितलं तं पत्रा. चांगला हाय!

दुसऱ्या दिशी तिला एसटीत बसवली, गेवराईच्या अंगाला तिचं सासर, गोदावरीकडं, घरात नळ हाय. बाप लेकीला बाळंतपनाला घरी आनतो, मी घरून माघारी घालाया गेलतो. इहीन, कौशल्याबाई, दारात आल्या. गार पान्याचा तांब्या म्होरं ठिवला. म्या हात जोडले. आमच्यात लेकीला लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरचं पानी पेत न्हाई. जीभ टाळूला चिकटलेली, पन रीत म्हंजे रीत!

निघालो, तं उज्ज्वला दारात, पायापशी दोन कॅन, काठोकाठ. "दादा, आईला न्या." म्या घेतले. मान खाली घालून घेतले.

पन रीत मोडली न्हाई बरं का. तिच्या दारात घोटभर बी पेलो न्हाई.

घरी येऊन पेलो.