बाकाला बांधलेली बॅग

जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीत पुढच्या बाकावरचे काका बॅगेच्या झिपमधून साखळी ओवून ती बाकाला बांधत होते. कुलूप खट्कन दाबून बसवलं आणि मग शेजारच्या पुतणीकडे वळले.

"हं प्रियल, आज कॉलेजात कशावर बोलणार?"

"झाडांच्या रोगप्रतिकारावर, काका. झाडात एक नियामक प्रथिन असतं. रोग नसला की ते प्रतिकाराला आवरून धरतं, रोग आला की मोकळं सोडतं."

"आवरायचं कशाला?"

"तेच तर! आम्ही एका रोपातलं ते प्रथिन बंद केलं. रोप रात्रंदिवस पहाऱ्यावर!"

"शाब्बास! रोग?"

"एकही नाही. पण रोप वीतभरच राहिलं. सगळी ताकद पहाऱ्यातच गेली."

"राहू दे वीतभर. जिवंत आहे ना?"

"फूल नाही, फळ नाही, काका!"

"चोरीला जायला काही नाही. आणखी चांगलं."

"बरं, बोलता बोलता धुळे आलं. कुलूप काढा, माझा लॅपटॉप बॅगेत आहे."

"हो, हो."

"चावी कुठंय?"

"चावी? ती घरी तिजोरीत. प्रवासात कोणी खिसा कापला असता तर?"