शिबिरातल्या सात जणी

(पनवेलचा एक दवाखाना, दुपार. साठीची वेणू तपासणीच्या टेबलावर आडवी, डॉक्टर रेवा तिला तपासतेय. सून निशा पडद्याबाहेर बाकावर. मूळव्याध आहे, असं वेणूने घरी सांगितलं होतं; निशाचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.)

रेवा: आता जोरात खोका, मावशी.

वेणू: खोकले तं लुगडं वलं व्हतं, डॉक्टरीनबाई.

रेवा: होऊ दे. तेच बघायचंय मला. खाली काही उतरल्यासारखं वाटतं?

वेणू: पयले वाटायचं. उकिडवं बसले की अंग हाताला लागायचं. मंग गावाला शिबिर झालं, तिथं अंग वर धरायला आत रिंग बसवली. तवापासून बेस हाय.

रेवा: रिंग? कधी बसवली?

वेणू: नातवाचं, अपूर्वचं बारसं झालं ना, त्याच म्हयन्यात.

निशा: आई, अपूर्व सहावीत आहे आता.

रेवा: दर तीन महिन्यांनी काढून, धुऊन परत बसवायची असते. सांगितलं नव्हतं?

वेणू: सांगितलं व्हतं. पन दुखत नाय, खुपत नाय, मंग कशाला कोनासमोर परत उघडं व्हायचं?

रेवा: अंग सैल सोडा... रिंग आत रुतलीय, मावशी. वरून मांस चढलंय. रक्त कधीपासून जातंय?

निशा: रक्त?

वेणू: मूळव्याधीचं हाय ते.

रेवा: मूळव्याध नाहीये ही.

वेणू: वरीस झालं. मला वाटलं, पाळी परत आली.

निशा: म्हणून तुम्ही देवाजवळ दिवा मला लावायला सांगत होतात. आणि मी मनात म्हणायचे, सासूबाईंना आता आळस आला.

रेवा: उद्याच अ‍ॅडमिट व्हा. भूल देऊन रिंग काढू, तिथला तुकडा तपासायला पाठवू.

वेणू: गुरवारी हरेशच्या पोरीचं लगीन हाय. मी धवलारीन, बाय. मी गायल्याबिगर आमच्यात लगीन लागत नाय. रक्त थांबायची गोळी द्या, शुक्रवारी येते.

रेवा: गोळीचं काम नाही हे. रक्त नुसतं जखमेचं आहे की आणखी कशाचं, ते मला आत्ता सांगता येत नाही. मला भीती त्याचीच वाटतेय.

वेणू: कॅन्सर म्हनता?

रेवा: आहे म्हणत नाही. नसेल, असंही म्हणत नाही.

वेणू: मंग येते उद्या.

रेवा: शिबिरात तुमच्याबरोबर आणखी किती जणींना बसवली?

वेणू: सात जनी. लाजत व्हत्या, मीच घरोघर जाऊन भायेर काढल्या.

रेवा: त्या गेल्या का परत दाखवायला?

वेणू: नाय.

रेवा: एकही नाही?

वेणू: धवलारनीचं आयकतात बायका. मी म्हनले, बरं चाललंय ना, मंग कशाला नसती उठाठेव.

रेवा: नावं सांगा. आजच्या आज फोन लावते.

वेणू: जगनची बायको. कुंदनची आय. उलव्याला गेल्या त्या दोघी जावा. दाजीची भैन. तिची नणंद.

रेवा: सहा झाल्या. सातवी?

निशा: माझी आई. माझ्या बाळंतपणाला आली होती तेव्हा. तिला फोन नका लावू, डॉक्टर. शिमग्याला वर्ष झालं तिला जाऊन.

रेवा: काय झालं होतं?

निशा: रक्त जात होतं. आम्हाला अगदी शेवटी कळलं. आई, तिने तुम्हाला सांगितलं होतं?

रेवा: निशा, जरा...

निशा: नाही, बोलू दे त्यांना. सांगितलं होतं?

वेणू: सांगितलं व्हतं. निशाला नको सांगू म्हनली, पोर घाबरंल. मी म्हनले, सुनंदे, तुझी आन, नाय सांगत.